पायाजवळचा स्पीकर

३ मार्च, सोमवार

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू आधी लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी "ते सगळं आम्हीच जमवलं होतं" म्हणायला नको. एक गिटार, मोडक्या कपाटाच्या दारातून. तिची मान अजून सुतासारखी सरळ आहे. दोन अॅम्प्लिफायर, त्यातला पहिला बिस्किटांच्या डब्यात बसवलेला. ड्रमचं पेडल, शिवणयंत्राच्या पायट्यातून. माइकचा स्टँड, दवाखान्याने टाकून दिलेल्या सलाइनच्या दांड्यातून. आणि एकोची पेटी. जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर उघडायचा, त्यात टेपची टोकं जोडून गोल माळ फिरवायची. एका हेडने आवाज टेपवर घ्यायचा, पुढच्या हेडने क्षणभराने परत द्यायचा. माणूस ओळ गातो आणि मागून तीच ओळ चालत येते. ही पेटी मी सोळाव्या वर्षी केली. कॉलेजात गेलो नाही, कोणी शिकवलं नाही. ग्रंथालयातली दोन पुस्तकं आणि भाजलेली बोटं, एवढ्यावर केली.

आज हे लिहायचं कारण, दुपारी दुकानात भोंगा आला.

शाळेत आमचा तिघांचा बँड होता. भोंगा गायचा. पत्र्या ड्रम वाजवायचा. सुरुवातीला पत्र्याचे डबेच बडवायचा, म्हणून पत्र्या. गिटारला मी. मला डाख्या म्हणत, कारण कधीही बघा, हातात डाख द्यायची सळई. पत्र्याची धाकटी बहीण पुढे माझी बायको झाली, त्यामुळे तो मेहुणा म्हणून तरी आयुष्यात राहिला. भोंग्याशी मी चौतीस वर्षं बोललेलो नाही. त्याचं नाव आमच्या घरात काढायचं नाही, असा नियम आहे आणि तो पाळला जातो.

आला तो बायकोला घेऊन. उजवा हात कोटाच्या खिशात. बाहेर काढलाच नाही, जणू फोटोला उभा आहे. "डाख्या," म्हणाला, आणि थांबला. मी वाट पाहिली. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मग पुढचं सगळं बायकोने सांगितलं. टाउन हॉल पाडणार आहेत. एकोणतीसला तिथला शेवटचा कार्यक्रम. ज्यांनी त्या स्टेजवर नाव काढलं, त्यांनी एकेक गाणं म्हणायचं. यांना "ते" गाणं म्हणायचं आहे.

"भावजी, पेटी आहे का हो अजून तुमच्याकडे?" ती म्हणाली.

"बघावं लागेल."

बघावं लागेल! माळ्यावर कुठल्या कोपऱ्यात, कोणत्या चादरीत गुंडाळलेली आहे, हे मला झोपेतही सांगता येईल. पण मोठी माणसं स्वतःच्या तोंडाने विचारतही नाहीत, बायको ठेवतात त्यासाठी. बघावं लागेल.

४ मार्च, मंगळवार

"ते" गाणं. लिहूनच टाकतो.

त्या वर्षी टाउन हॉलमध्ये स्पर्धा होती. गाणं तिघांनी मिळून केलं होतं. गिटारचा सुरुवातीचा तुकडा माझा. सहा महिने घासून घेतला होता. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात भोंगा म्हणाला, "डाख्या, तू आवाज सांभाळ. पेटी तुझ्याशिवाय कोणाला जमणार?" आणि माझ्या जागी एक परका मुलगा आणून उभा केला. दुकानातून विकत आणलेली लाल गिटार होती त्याच्याकडे. माझा तुकडा त्याने वाजवला. पडद्यामागे, पेटीपाशी बसून मी तो ऐकला. पहिला नंबर आला. रेडिओवर गाणं लागलं. नाव तिघांचं: भोंग्याचं, पत्र्याचं आणि त्या लाल गिटारवाल्याचं.

स्पर्धेच्याच संध्याकाळी मी पेटी सायकलवर बांधून घरी नेली. कोणाला काही बोललो नाही. मी ओरडणाऱ्यातला माणूस नाही.

पेटी देणार. स्वतः चालवणारही. पण फुकट नाही. पैशाने नाही म्हणतोय मी.

७ मार्च, शुक्रवार

पेटी उतरवली. रबराचा पट्टा सुकून तुकडे पडलेत, दोन कपॅसिटर फुगलेत, मोटर मात्र पहिल्या झटक्यात फिरली. त्या काळी मी बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल दिलं होतं. आजचे इंजिनियर देतील का?

वास तसाच आहे. तापलेली धूळ, मेण, जळका वार्निश. एकदम पंपाची खोली आठवली.

आमची तालीम पंपाच्या खोलीत असायची. चार मजली इमारतीच्या मागे, पाण्याच्या पंपाची, जेमतेम पलंग मावेल एवढी खोली. भोंग्याचा मामा तिथला रखवालदार, म्हणून किल्ली मिळायची. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. सूर लावायला आमच्याकडे काही साधन नव्हतं, पण पंप सुरू झाला की एकाच सुरात घुमायचा, आणि मी गिटार त्याच्यावर लावायचो. भोंगा त्याच्यावर गळा लावायचा. पंप म्हणजे आमचा चौथा माणूस. बंद पडला की पत्र्या म्हणायचा, "चला, सर गेले."

रेडिओवर नवं गाणं लागलं की रेकॉर्डरचा माइक स्पीकरपुढे धरायचा आणि श्वाससुद्धा रोखून बसायचं. एका गाण्यात पत्र्याच्या आईची हाक टेप झाली होती, "अरे, दूध उतू गेलं!" पुढे ते गाणं कुठेही ऐकलं की त्या जागी आम्हाला दूधच ऐकू यायचं. भोंगा तर ती हाक गाण्याचा भाग म्हणून सुरात म्हणायचा. एकच कॅसेट तिघांत. सोमवार-मंगळवार माझ्याकडे. ती परत द्यायला जाताना पाय जड व्हायचे.

त्यानंतर कुठलंही गाणं तसं लागलं नाही मनाला. दुकानात दिवसभर लोकांचे स्पीकर तपासतो, सगळी गाणी कानावरून जातात. तपासणी होते, ऐकणं होत नाही. हे कोणी हिरावलं माझ्याकडून? उत्तर स्पष्ट आहे.

९ मार्च, रविवार

मेहुणे चहाला. बायकोने त्यांना काय सांगितलं होतं देव जाणे, आल्या आल्या माझ्या खांद्यावर थाप.

"डाख्या, शहाणा झालास लेका. पेटी देतोयस म्हणे."

"चालवणार पण मीच. दुसऱ्याने हात लावायचा नाही."

"हो रे बाबा, तुझी पेटी, तुझा हात. गिटारही आण की. बस आमच्यात."

"मला एकदा आवाजाला बसवलंत ना? आता आवाजालाच बसतो."

पत्र्याने बशीत चहा ओतला आणि बराच वेळ फुंकत बसला. नंतर म्हणाला, "बरं. भोंग्याच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस हां. तो आता जरा…"

"मी कोणाच्याच बोलण्याचं मनावर घेत नाही."

"दादा," बायको आतून म्हणाली, "राहू दे. यांना नाव चालत नाही."

चांगलं झालं थांबला. त्याची वकिली ऐकायला मी चहा पाजत नव्हतो. गिटारच्या जागी भाड्याचा कीबोर्डवाला आणणार आहेत. आणोत.

१३ मार्च, गुरुवार

सापडलं.

पेटीत मी आता दुसरं परतीचं हेड बसवलंय, पहिल्यापासून थोडं लांब. जोडणी बघायला हेडफोन कानाला लावून माइकमध्ये "एक, दोन, तीन" म्हणत होतो. चारला जीभ अडकली. पुन्हा म्हटलं. पुन्हा अडकली. पेपरातली बातमी मोठ्याने वाचून पाहिली, तर दुसऱ्या वाक्याला शब्दांचा असा चिखल झाला की स्वतःलाच हसू आलं. कारण साधं आहे. स्वतःचा आवाज किंचित उशिराने जोरात कानावर आला, की डोकं गोंधळतं आणि जीभ ठेचकाळते. कितीही हुशार असो, कोणाचंही होतं.

आता स्टेजवर गायकाच्या पायाजवळ एक स्पीकर असतो. त्यातून त्याला त्याचाच आवाज ऐकू येतो. प्रेक्षकांना त्यातलं काही कळत नाही. मी काय करणार: पहिलं हेड हॉलच्या मोठ्या स्पीकरांना, नेहमीसारखा एको. दुसरं हेड, एका बटणातून, फक्त पायाजवळच्या स्पीकरला. बटण वर, की भोंगा भर स्टेजवर अडखळणार. लोकांना वाटणार म्हातारा झाला, विसरला, प्यायला. पेटीकडे कोणाचं लक्षही जाणार नाही. जायचंही कशाला, पडद्यामागच्या माणसाकडे कधी कोणाचं गेलंय?

बटण पितळेचं घेतलंय. प्लास्टिकचं हाताला खोटं लागतं.

१६ मार्च, रविवार

पत्र्याच्या घरी पहिली तालीम. पत्र्या आता दातांचा डॉक्टर आहे, ड्रमचा सेट दवाखान्यामागच्या खोलीत ठेवतो. म्हणतो, पेशंट ओरडला तर बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून वाजवतो. जोक जुना आहे.

भोंगा कोपऱ्यात बसून होता. नमस्काराला नुसती मान. बोलला तर एखादा शब्द, तोही थांबून थांबून, जणू एकेक शब्द तिजोरीतून काढून देतोय. काही मागायचं तर बायकोकडे बघायचं, की तिने पाणी आणायचं. माइकसुद्धा डाव्या हातात धरतो हल्ली. नवीन ऐट.

पण गायला लागला आणि… लिहायचं नाही ठरवलं होतं, पण ही वही खोटं बोलायला नाही. आवाज बारीक झालाय, वरच्या पट्टीत फाटतो. शब्द मात्र एकही सांडला नाही. बोलताना एवढा आखडू माणूस, गाताना सरळ वाहतो. म्हणजे बोलायचं नाटकच आहे ना?

एक गंमत झाली. कीबोर्डवाल्याने विचारलं, "सूर कोणता ठेवू?" आणि आम्ही तिघांनी, एकमेकांकडे न बघता, एकदम पंपाचा सूर काढला. उंऽऽऽ. तोच. पत्र्या हसत सुटला. भोंग्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी वायर गुंडाळायला घेतली.

२१ मार्च, शुक्रवार

बायको दुकानात डबा घेऊन आली, तिच्यावर प्रयोग केला. हेडफोन लावले, म्हटलं, बोल काहीतरी.

"काय बोलू? आज भाऽऽजी… भाजीत मीऽऽ… मी… अगं बाई! हे काय होतंय?" हसून हसून टेबलाला धरून उभी राहिली. "पुन्हा, पुन्हा! थांबा, दादाला फोन करते, त्याला लावू. पेशंटशी बोलताना लावू त्याला!"

"दादाला नाही. भोंग्यासाठी आहे."

हसणं थांबलं. हेडफोन काढून तिने टेबलावर ठेवले.

"कार्यक्रमात?"

"भर गाण्यात."

"अहो, तुम्ही त्याचं बोलणं ऐकलंत ना? दोनदा भेटलात ना त्याला?"

"ऐकलं. मोजून मापून बोलतो."

ती म्हणाली, "अहो, त्याला गेल्या वर्षी…"

"नियम काय आहे आपला?"

"खड्ड्यात गेला तुमचा नियम," म्हणाली, आणि डबा तसाच ठेवून गेली. लग्नापासून तिने माझ्याशी असं बोलल्याचं आठवत नाही. रात्री जेवायला वाढलं, पण स्वतः आतल्या खोलीत जेवली. शेवटी मेहुण्यांचीच बहीण. तिघं एका बाजूला आणि मी एका, हे मला नवीन नाही.

२३ मार्च, रविवार

पंपाच्या खोलीतल्या तालमींची एक टेप माझ्याकडे आहे. पेटी तपासायच्या निमित्ताने लावली. गिटारचा माझा तुकडा स्वच्छ आहे, एकही तार चुकलेली नाही. पत्र्या मात्र धावतोय. प्रत्येक ओळीच्या शेवटी तो माझ्या पुढे पोहोचलेला असतो.

बायको दारातून म्हणाली (आता बोलते, तुटक), "तुम्ही मागे राहताय का हो थोडे?"

"टेप ताणली गेलीय. वेग कमी पडतोय."

वेग तपासला. बरोबर होता. पट्टा बदलून पुन्हा ऐकलं. तसंच. म्हणजे टेप ठीक आहे, पत्र्याच धावतोय. आश्चर्य म्हणजे भोंगाही त्याच्याबरोबर धावतो. दोघं मिळून, नेमके एकाच वेळी. तेव्हापासूनच संगनमत.

गिटार काढून टेपबरोबर वाजवून पाहिली. बोटं जड झालीत, पण ताल पक्का आहे. पत्र्या अजूनही माझ्या पुढे जातो.

२८ मार्च, शुक्रवार

टाउन हॉलमध्ये सामान लावलं. खुर्च्यांचं रेक्झिन फाटलंय, स्टेजच्या फळ्या मध्यभागी खचल्यात, पडद्यामागची ती जागा तशीच. तिथेच टेबल मांडलं. मुद्दाम.

वायरी दोनदा तपासल्या. पायाजवळचा स्पीकर भोंग्याच्या उभं राहायच्या खुणेपासून हातभरावर. सूत्रसंचालक म्हणून कोणी तरुण आहे, तोंडाचा पट्टा थांबत नाही. विचारतो, "काका, ही पेटी कुठल्या कंपनीची?" म्हटलं, "माझ्या." त्याला जोक वाटला.

भोंग्याची बायको आली होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, तुम्ही आलात, यांना फार बरं वाटलंय. घरी सारखं तुमचं नाव काढतात. म्हणजे… नावच तेवढं नीट येतं." पुढे काही म्हणणार होती, पण सूत्रसंचालकाने हाक मारली.

गोड बोलून काम करून घ्यायची पद्धत. चौतीस वर्षांपूर्वीही गोडच बोलले होते.

उद्या.

३० मार्च, रविवार

काल लिहिता आलं नाही. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

हॉल भरलेला. बायको पहिल्या रांगेत बसली होती, माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. आमचा नंबर सातवा. पत्र्या ड्रमवर बसला, कीबोर्डवाला जागेवर, भोंगा खुणेवर उभा राहिला. ठरल्याप्रमाणे सूत्रसंचालकाने नाव घ्यायचं आणि गाणं सुरू व्हायचं. पण तो उत्साही मुलगा माइक भोंग्याच्या तोंडाशी धरून म्हणाला, "सर, आधी आठवणीतले दोन शब्द होऊन जाऊ देत!" टाळ्या.

भोंग्याच्या बायकोने खुर्चीतून अर्धवट उठून हात हलवला. नको नको. कोणी पाहिलं नाही.

"म… म…" भोंगा म्हणाला. "मं… म…"

तोंड वाकडं झालं. मान एका बाजूला गेली. मागून कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "टाकून आलाय." मला वाटलं, घाबरला. एवढी वर्षं स्टेजवर काढलेला माणूस घाबरला. याहून चांगली वेळ मिळाली नसती. आपोआप पडलाच आहे, तर आणखी एक लाथ. मी बटण वर केलं.

"म… मंऽऽ…"

त्याचाच "मं" त्याच्या पायाजवळून परत आला. भोंगा थबकला. खाली बघितलं. मान वाकडी करून ऐकत राहिला, जसा पंप सुरू झाल्यावर ऐकायचा.

"मंऽऽडळी," तो म्हणाला.

"मंडळी." पुन्हा. आणि मग, हळू, लांबवत, पण सरळ: "गेल्या वर्षी माझ्या मेंदूला झटका आला. तेव्हापासून मी एक वाक्य पुरं बोललेलो नाही. आत्ता बोलतोय. का बोलता येतंय मला माहीत नाही, पण थांबवू नका."

पत्र्या काठ्या हातात धरून उभा राहिला होता.

झटका. वर्षभर. हात खिशात, माइक डाव्या हातात, बायकोकडे बघणं. मी टेबलाशी बसून हे एकापाठोपाठ एक जुळवत होतो, आणि माझं बोट बटणावर होतं.

"पडद्यामागे एक माणूस बसलाय," भोंगा म्हणाला. "त्याला आम्ही डाख्या म्हणतो. तुम्ही त्या गाण्याला टाळ्या वाजवल्यात त्या माझ्या गळ्याला नव्हत्या. ती जादू त्याच्या पेटीची. आणि गिटारचा तुकडाही त्याचा. त्या दिवशी गिटार घेऊन त्यानेच इथे उभं राहायला हवं होतं. आम्ही त्याला काढलं."

टाळ्या वाजायला लागल्या होत्या, त्या थांबल्या.

"का काढलं सांगू? हा मागे पडायचा. तार चुकायची नाही याची, पण तालात मागे. आम्ही गाणं संपवून घरी पोहोचायचो आणि हा अजून चौकात!"

हॉल हसला. सगळा हॉल. पत्र्या हसला. भोंग्याची बायको रडत रडत हसली. माझी बायको हसली नाही, पण तिने पदर तोंडाशी नेला आणि खांदे हलत होते.

चौतीस वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहिली तो हाच होता, फक्त उलट्या बाजूने. भर टाउन हॉलमध्ये माझी अब्रू निघत होती आणि ती काढायला जीभ मीच पुरवली होती. एक बटण. खाली केलं की हा माणूस तिथल्या तिथे मुका. पुन्हा "म… म…". मला एवढंच करायचं होतं.

"तोंडावर सांगायची आमच्यात हिंमत नव्हती," तो बोलत होता, आता भराभर, कोणी मागे लागल्यासारखा. "म्हणून म्हटलं, आवाज तूच सांभाळ. त्याने सायकलवर पेटी बांधली आणि गेला. मी त्या रात्री त्याच्या घरापर्यंत गेलो होतो. कोपऱ्यावरून परत आलो. दरवर्षी ठरवायचो, यंदा जाऊन सांगू. मग जीभच गेली. डाख्या, चुकलो रे. तुला सांगून भांडायला हवं होतं."

बटण मी खाली केलं नाही. कारण तांत्रिक आहे: आवाज चालू असताना जोडणी तोडली, तर स्पीकरमध्ये बंदुकीसारखा फट्ट आवाज होतो. उपकरणाला ते चांगलं नाही.

बोलणं संपलं, भोंग्याने पत्र्याकडे बघून मान हलवली, तेव्हा मात्र बंद करावंच लागलं, कारण दुसऱ्या हेडवर कोणाला गाता येणार नाही. फट्ट आवाज झालाच. पत्र्याने त्यालाच पहिला ठोका धरला आणि गाणं सुरू झालं.

एको उत्तम लागला. ओळीमागून ओळ चालत येत होती. एवढंच म्हणता येईल.

नंतर मंचामागे भोंग्याने मला मिठी मारली, एका हाताने. बोलायला तोंड उघडलं, पण तिथे पेटी नव्हती. "डाख्या," एवढंच आलं. सगळ्यांचा समज झालाय की ते दुसरं हेड मी त्याच्यासाठी खास केलं होतं. म्हणजे केलं होतंच. त्याच्या बायकोने माझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "तुम्हाला कसं सुचलं भावजी?" माझ्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं, की मी वायरी काढायला वळलो.

घरी येताना ती म्हणाली, "सांगू का त्यांना, कसं सुचलं ते?"

"सांग."

"नाही सांगत." थोड्या वेळाने म्हणाली, "चौकात आलो आपण."

मी हसलो नाही. मी मागे पडत नव्हतो. पत्र्या धावत होता.

४ एप्रिल, शुक्रवार

मान्य करत नाही, हे इथे पुन्हा नोंदवतो. भर सभेत त्याने माझ्या तालाबद्दल जे सांगितलं ते चूक आहे आणि माझ्याकडे पुरावा आहे. टेप. त्याला बसवून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकवणार आहे, आणि उत्तर द्यायला लावणार आहे. नुसतं "डाख्या" म्हणून सुटता येणार नाही. पूर्ण वाक्यं पाहिजेत. आजारी माणसाशी भांडू नये म्हणतात, पण "भांडायला हवं होतं" हे तोच म्हणाला, मी नाही. मेहुण्यांनाही बोलावणार. संगनमताने धावले, संगनमताने उत्तर देतील.

आज संध्याकाळी त्याची बायको दुकानात आली. त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणे, असा उशिराने येणारा आवाज ऐकून काही जणांचं अडखळणं सुटतं. सगळ्यांचं नाही, काहींचं. आपल्या माणसाचं सुटतंय असं दिसतं, तर रोज घरी करता आलं तर बरं. पेटी विकत हवी होती.

"विकायची नाही," म्हटलं.

"मग भाड्याने?"

"ही हलवली की हेड सरकतं. पुन्हा बसवायला दोन दिवस जातात. बोलायचं असेल तर त्याला इथे यावं लागेल. मंगळवारी आणि शुक्रवारी, दुकान बंद झाल्यावर. मी त्याच्या घरी जाणार नाही."

"दर आठवड्याला, भावजी? दोनदा?"

"त्याला जमत नसेल तर सोडून द्या."

"जमेल, जमेल," म्हणाली.

ती गेल्यावर बायकोने विचारलं, "असलं काही मोबाइलवर मिळत नाही का हो?"

मिळतं. फुकट मिळतं, मी बघितलंय. भोंग्याच्या बायकोला सांगितलेलं नाही, आणि हिलाही बजावलंय, सांगायचं नाही. येऊ दे त्याला. जिना चढून येऊ दे, एका हाताने कठडा धरून. खुर्ची खिडकीशी ठेवलीय, उजव्या बाजूला हात टेकायला जागा ठेवून. बायको म्हणते चहा मंगळवारचा तिचा, शुक्रवारचा मी करायचा.

जिन्यावरून भोंग्याची बायको परत फिरून आली होती, पेटीचं पुन्हा एकदा विचारायला. पर्समधून चेकबुक काढून, आकडा लिहून माझ्यापुढे धरला. मी नाही म्हणालो. आकडा होता एक लाख दहा हजार.